वसंतातला सागरी महामार्ग : सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेचा ‘हायवे वन’

कॅलिफोर्नियाचा राज्य महामार्ग क्रमांक १ म्हटले की बहुतेकांना बिग सर आणि बिक्सबी पूल आठवतो. तो झाला या रस्त्याचा दक्षिणेकडील, सर्वाधिक छायाचित्रित भाग. सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेस, मरीन, सोनोमा आणि मेंडोसिनो या तीन काउंट्यांमधून जाणारा भाग तुलनेने शांत आहे. ‘शोअरलाइन हायवे’ या नावाने ओळखला जाणारा हा रस्ता सुमारे २१५ मैलांचा (जवळपास ३४५ किलोमीटर) असून मिल व्हॅलीजवळ हमरस्ता १०१ पासून फुटतो आणि लेगेट येथे पुन्हा त्याच रस्त्याला मिळतो. बे एरियात राहणाऱ्या मराठी कुटुंबांना लांब सप्ताहान्तात सहज करता येण्याजोगा हा प्रवास मार्चअखेर ते मेअखेर या काळात सर्वांत देखणा असतो.

या रस्त्याचे एक वैशिष्ट्य मात्र पहिल्या दृष्टिक्षेपात ध्यानात येत नाही. मैलोन्‌मैल खिडकीतून समुद्र दिसत राहतो. मध्ये उंच भिंती, हॉटेलांच्या रांगा किंवा कारखाने येत नाहीत. हे मोकळेपण निसर्गाने दिलेले असले तरी ते टिकले आहे माणसांच्या निर्णयांमुळे. गेल्या साठ-पासष्ट वर्षांत येथे अणुऊर्जा प्रकल्प, खासगी वसाहती आणि लाकडाच्या गिरण्या यांच्या संदर्भात जे वाद झाले, त्यांच्या खुणा या रस्त्यावर क्रमाने भेटत जातात.

वसंतच का?

उत्तर कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर उन्हाळा म्हणजे धुके. जून ते ऑगस्टमध्ये आतील खोऱ्यांत कडक ऊन असताना किनारा अनेकदा दिवसभर करड्या पडद्याआड असतो. हिवाळ्यात पावसाची वादळे येतात, दरडी कोसळतात. या दोहोंमधला वसंत तुलनेने स्वच्छ असतो. पावसाने टेकड्या हिरव्या झालेल्या असतात. मे संपता संपता त्या पिवळ्या पडू लागतात. कड्यांवर निळे-जांभळे ल्युपिन आणि केशरी कॅलिफोर्निया पॉपी फुलते. दिवसाचे तापमान साधारणपणे १० ते १६ अंश सेल्सियस असते, पण वारा बोचरा असतो.

हा वारा महत्त्वाचा आहे. वायव्येकडून वाहणारे वसंतातले वारे पृष्ठभागावरचे पाणी किनाऱ्यापासून दूर ढकलतात आणि त्याच्या जागी खोल समुद्रातले थंड, पोषकद्रव्यांनी समृद्ध पाणी वर येते. त्यावर सूक्ष्म वनस्पती वाढतात, त्यांवर क्रिल व लहान मासे, आणि त्यांवर पक्षी, सील व देवमासे. किनाऱ्यावरील जीवसृष्टीची श्रीमंती या वाऱ्यावर उभी आहे.

याच दिवसांत करडे देवमासे (ग्रे व्हेल) मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्नियातील उथळ खाजणांतून अलास्काकडे परततात. त्यांचा वर्षभराचा जाण्या-येण्याचा प्रवास दहा हजार मैलांहून अधिक भरतो. नर आणि पिल्ले नसलेल्या माद्या आधी जातात. पिल्लांसह निघालेल्या माता एप्रिल-मे महिन्यांत, किनाऱ्याच्या अगदी जवळून जातात. त्यामुळे कड्यावर उभे राहून, होडीत न बसताही त्यांचे फवारे दिसू शकतात. १९९४ मध्ये या देवमाशांना संकटग्रस्त जातींच्या यादीतून वगळण्यात आले, ती संवर्धनाची मोठी यशकथा होती. परंतु अमेरिकेच्या सागरी संस्थेच्या, म्हणजे ‘नोआ’च्या अंदाजानुसार २०१६ मध्ये सुमारे २७ हजार असलेली त्यांची संख्या २०२५ पर्यंत सुमारे १३ हजारांवर आली आहे. आर्क्टिकमधील त्यांच्या अन्नसाखळीत झालेले बदल हे याचे प्रमुख कारण मानले जाते.

मरीन : भ्रंशावरून जाणारा रस्ता

मिल व्हॅलीहून निघालेला रस्ता वळणे घेत डोंगर चढतो आणि म्यूर बीचपाशी समुद्राला भेटतो. जवळच म्यूर वुड्स हे रेडवूड वृक्षांचे जुने वन आहे. तेथे वाहन उभे करण्यासाठी २०१८ पासून आगाऊ नोंदणी आवश्यक झाली आहे. पुढे स्टिन्सन बीच, बोलिनास खाजण आणि ओलेमा ही गावे लागतात.

ओलेमाजवळील बेअर व्हॅली अभ्यागत केंद्रापासून ‘अर्थक्वेक ट्रेल’ ही छोटी पायवाट सुरू होते. १८ एप्रिल १९०६ च्या भूकंपात सॅन अँड्रियास भ्रंशाच्या दोन बाजू या परिसरात एकमेकींपासून १६ ते २० फुटांच्या दरम्यान सरकल्या. तुटून बाजूला गेलेले कुंपण कसे दिसले असेल, ते येथे उभारून दाखवले आहे. पॉइंट रेज द्वीपकल्प पॅसिफिक भूपट्टावर आहे, तर महामार्ग आणि पूर्वेकडचा मुलूख उत्तर अमेरिकी भूपट्टावर. उत्तरेकडची अरुंद, सरळसोट टोमालेस खाडी ही या दोहोंमधली भेगच, फक्त पाण्याने भरलेली.

पॉइंट रेजला घरबांधणीचे वेध लागले होते, तेव्हा १३ सप्टेंबर १९६२ रोजी राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांनी हा किनारा राष्ट्रीय सागरतट म्हणून राखून ठेवणाऱ्या कायद्यावर स्वाक्षरी केली. महामार्गापासून द्वीपकल्पाच्या टोकापर्यंत जाण्यास बराच वेळ लागतो, पण वसंतात ही वाट चुकवू नये. चिमनी रॉकच्या माळावर रानफुलांचा बहर असतो. १८७० च्या दीपगृहाकडे उतरणाऱ्या ३१३ पायऱ्यांवरून देवमासे दिसण्याची शक्यताही चांगली असते.

बोडेगा : खड्डा राहिला, प्रकल्प गेला

टोमालेसच्या गुरांच्या कुरणांतून रस्ता बोडेगा बे येथे पोहोचतो. आल्फ्रेड हिचकॉकच्या १९६३ च्या ‘द बर्ड्स’ या चित्रपटामुळे हे कोळ्यांचे गाव जगाला ठाऊक झाले. त्याच सुमारास गावासमोरच्या बोडेगा हेड या भूशिरावर वेगळेच नाट्य घडत होते.

पॅसिफिक गॅस अँड इलेक्ट्रिक या वीज कंपनीने येथे अणुऊर्जा प्रकल्प उभारण्याची योजना आखली होती. अणुभट्टीसाठी मोठा खड्डा खणण्याचे कामही सुरू झाले. जागा सॅन अँड्रियास भ्रंशाच्या लगत होती. स्थानिक शेतकरी, मच्छीमार, विद्यार्थी आणि शास्त्रज्ञ यांनी विरोध उभा केला. १९६३ च्या मेमोरियल डेला आंदोलकांनी भूशिरावरून पंधराशे फुगे सोडले. अपघात झाल्यास किरणोत्सर्ग वाऱ्याबरोबर कुठवर पोहोचेल, हे त्यांना दाखवायचे होते. खड्ड्यातच एक उपभ्रंश आढळला आणि मार्च १९६४ मधील अलास्काच्या प्रचंड भूकंपानंतर शंका अधिक गडद झाल्या. अखेर ऑक्टोबर १९६४ मध्ये कंपनीने प्रकल्प मागे घेतला. पावसाच्या पाण्याने भरलेला तो खड्डा आज लहानसे तळे बनून राहिला आहे. स्थानिक लोक त्याला विनोदाने ‘डोक्यातले भोक’ म्हणतात. राजापूर तालुक्यातील माडबन-जैतापूरचा वाद ज्यांनी वाचला आहे, त्यांना या तळ्याकाठी थांबावेसे वाटेल. दोन्ही ठिकाणी भूकंप आणि मासेमारी हे चर्चेतले मुख्य मुद्दे होते.

बोडेगाच्या उत्तरेस रस्त्यालाच माघार घ्यावी लागल्याचे दृश्य दिसते. ग्लीसन बीच येथे लाटांनी कडा खात आणला, काठावरची अनेक घरे गेली. राज्याच्या वाहतूक विभागाने, म्हणजे कॅलट्रान्सने, महामार्ग समुद्रापासून आत वळवला आणि स्कॉटी खाडीप्रवाहावर सुमारे ८५० फूट लांबीचा नवा पूल बांधला. तो २०२३ मध्ये वाहतुकीस खुला झाला. समुद्राशी झुंज न देता मागे सरण्याचा मार्ग राज्याने येथे स्वीकारला.

रशियन नदी ते फोर्ट रॉस

जेनर येथे रशियन नदी समुद्राला मिळते. नदीमुखाच्या वाळूच्या पट्ट्यावर, गोट रॉकपाशी, हार्बर सील मार्चपासून पिल्ले देतात. पिल्लू एकटे दिसले तरी ते बेवारस नसते. आई अन्नासाठी गेलेली असते. सीलपासून किमान पन्नास यार्ड अंतर ठेवावे, असा येथील दंडक आहे.

जेनरनंतरची चढण हा या प्रवासाचा सर्वांत अवघड टप्पा होय. रस्ता समुद्रसपाटीपासून शेकडो फूट उंच कड्यावरून जातो, कित्येक ठिकाणी कठडा नसतो आणि गुरे मोकळी फिरत असल्याने ती अचानक वळणावर उभी दिसतात.

हा घाट उतरल्यावर फोर्ट रॉस लागते. १८१२ मध्ये रशियन-अमेरिकन कंपनीने समुद्री ऊदमांजरांच्या कातड्यांसाठी आणि अलास्कातील वसाहतींना धान्य पुरवण्यासाठी ही तटबंदी बांधली. ही भूमी कशाया पोमो लोकांची होती आणि ते तिला मेटिनी म्हणत. कंपनीने अलास्कातून आणलेले शिकारी समुद्रात उतरत. रशियन कारभाऱ्यांच्या तटाबाहेर या शिकाऱ्यांची आणि कशायांची वस्ती होती. ऊदमांजरे संपत आली, शेती पुरेशी पिकेना, तेव्हा १८४१ मध्ये कंपनीने मालमत्ता जॉन सटर यांना विकून गाशा गुंडाळला. एके काळी महामार्ग या किल्ल्याच्या आवारातूनच जात असे; नंतर तो वळवण्यात आला.

आणखी उत्तरेस सॉल्ट पॉइंट येथे वारा आणि क्षार यांनी वालुकाश्मात मधाच्या पोळ्यासारखी छिद्रे कोरलेली आहेत. त्याच्या शेजारी ३१७ एकरांचे क्रूझ रोडोडेंड्रॉन राखीव वन आहे. हिमालयातला बुरांश ज्या प्रजातीत मोडतो, तिचीच ही पॅसिफिक किनाऱ्यावरची जात. एप्रिलअखेर ते मेअखेर रेडवूडच्या सावलीत तिची गुलाबी फुले उमलतात. जुन्या वणव्यानंतर मोकळ्या झालेल्या जागेत ही झुडपे फोफावली. आता वन पुन्हा दाट होत असल्याने त्यांना ऊन कमी मिळू लागले आहे.

सी रँच : समुद्र कोणाचा?

सोनोमा काउंटीच्या उत्तर टोकाला सुमारे दहा मैल पसरलेली सी रँच ही वसाहत आहे. १९६०च्या दशकात भूदृश्यरचनाकार लॉरेन्स हॅलप्रिन यांनी तिचा आराखडा केला. रंग न दिलेल्या लाकडाची, वाऱ्याच्या दिशेने उतरती छपरे असलेली घरे आणि कुंपणाविना राहिलेली कुरणे यांमुळे वास्तुकलेचे विद्यार्थी आजही हे ठिकाण अभ्यासतात.

पण या दहा मैलांत सर्वसामान्यांची समुद्रावर जाण्याची वाट बंद झाली. कॅलिफोर्नियात भरतीच्या सरासरी रेषेखालचा भाग जनतेचा मानला जातो आणि १८७९ च्या राज्यघटनेतही पाण्यापर्यंतच्या वाटेचा हक्क नोंदलेला आहे. प्रश्न एवढाच होता की महामार्गापासून त्या ओल्या वाळूपर्यंत पोहोचायचे कसे? पेटालुमाचे पशुवैद्य बिल कॉर्टम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा प्रश्न लावून धरला. १९६८ मध्ये काउंटीपुरत्या मतदानात त्यांचा पराभव झाला, परंतु चळवळ राज्यभर पसरली. नोव्हेंबर १९७२ मध्ये मतदारांनी ‘प्रस्ताव २०’ मंजूर केला, त्यातून किनारा आयोग निर्माण झाला आणि १९७६ च्या किनारा कायद्याने तो कायमस्वरूपी झाला. सी रँचचा तंटा १९८० मध्ये विधिमंडळाने तडजोडीचा कायदा करून मिटवला. आज वसाहतीतून समुद्राकडे जाणाऱ्या मोजक्या सार्वजनिक पायवाटा आहेत. महामार्गालगत त्यांच्या लहान पाट्या दिसतात. गोट रॉकच्या दक्षिणेस कड्यावरून जाणारी एक पायवाट कॉर्टम यांच्या नावाने ओळखली जाते.

हा इतिहास जुना झालेला नाही. हाफ मून बेजवळील मार्टिन्स बीचची जमीन भारतीय वंशाचे गुंतवणूकदार विनोद खोसला यांनी २००८ मध्ये विकत घेतली आणि पुढे तेथील वाट बंद झाल्यावर खटले उभे राहिले. २०१८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने खोसला यांच्या बाजूचे अपील ऐकण्यास नकार दिला. सिलिकॉन व्हॅलीतील मराठी व्यावसायिकांपैकी अनेकांची आता किनाऱ्यावर दुसरे घर घेण्याची ऐपत आहे. तेव्हा हा प्रश्न त्यांच्यासाठी दोन्ही बाजूंनी उभा राहतो, वाळूवर जाऊ पाहणारा प्रवासी म्हणून आणि वाट अडवू शकणारा मालक म्हणूनही.

मेंडोसिनो : लाकडाचा किनारा

ग्वालाला नदी ओलांडली की मेंडोसिनो काउंटी सुरू होते. पॉइंट अरीना येथील १८७० चे विटांचे दीपगृह १९०६ च्या भूकंपात निकामी झाले. त्याच्या जागी कारखान्यांची धुरांडी बांधणाऱ्या कंपनीने पोलादी सळयांच्या काँक्रीटमध्ये ११५ फुटांचा मनोरा उभारला. तो १९०८ पासून उभा आहे. शेजारचे १,६६५ एकरांचे कडे आणि कुरणे मार्च २०१४ मध्ये राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांनी कॅलिफोर्निया किनारा राष्ट्रीय स्मारकात समाविष्ट केली.

एकोणिसाव्या शतकात या किनाऱ्यावर रस्ता जवळपास नव्हताच. रेडवूडचे लाकूड कड्यावरून घसरणींनी आणि तारांनी खाली नांगरलेल्या शिडाच्या गलबतांत उतरवले जाई. ही बंदरे इतकी चिंचोळी होती की त्यांना ‘कुत्र्याला वळता येईल एवढीच बिळे’ अशा अर्थाचे नाव पडले. सॅन फ्रान्सिस्कोची कितीतरी घरे या लाकडातून उभी राहिली. लाकडाच्या त्या युगाची आठवण अल्बियन नदीवरच्या पुलातही आहे. दुसऱ्या महायुद्धात पोलादाचा तुटवडा असताना १९४४ मध्ये तो लाकडी खांबांवर बांधला गेला. हायवे वनवरचा हा शेवटचा लाकडी पूल राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूंच्या यादीत आहे. तो पाडून नवा बांधावा असे कॅलट्रान्सचे म्हणणे आहे, तर तो जतन व्हावा अशी अनेक रहिवाशांची मागणी आहे.

मेंडोसिनो हे गाव भूशिरावर वसलेले आहे. लाकडाच्या धंद्यासाठी आलेल्या न्यू इंग्लंडमधील लोकांनी आपल्याकडच्या धर्तीची घरे बांधली, आणि पाण्याचे लाकडी मनोरे आजही गावभर दिसतात. गावाभोवतीचा कडा राज्य उद्यान असल्याने मुख्य रस्त्यावर उभे राहिले तरी समोर थेट समुद्र असतो.

दहा मैलांवरील फोर्ट ब्रॅगची गोष्ट उलटी आहे. १८८५ पासून येथील सागरकाठ लाकडाच्या गिरणीने व्यापला होता. गावातल्या कित्येक पिढ्यांना आपल्याच गावातून समुद्रावर जाता येत नसे. २००२ मध्ये गिरणी बंद पडली आणि रोजगार गेले. त्यानंतर टप्प्याटप्प्याने तेथे सार्वजनिक सागरी पायवाट झाली. जवळचा ग्लास बीच म्हणजे १९६७ पर्यंत वापरात असलेली गावाची कचराकुंडी. लाटांनी घासलेल्या काचा तेथे खड्यांसारख्या चमकतात. त्या उचलून नेण्यास मनाई आहे. गावाच्या दक्षिणेस ४७ एकरांचे वनस्पती उद्यान असून एप्रिल-मे हा तेथील रोडोडेंड्रॉनचा मोसम असतो.

वरून सुंदर दिसणाऱ्या या समुद्राच्या पोटात मात्र मोठी पडझड झाली आहे. २०१३ पासून समुद्रतारे रोगाने मेले, पाठोपाठ समुद्राचे पाणी असाधारण तापले, समुद्री साळू (अर्चिन) बेसुमार वाढले आणि त्यांनी उत्तर किनाऱ्यावरील केल्प शैवालाची ९० टक्क्यांहून अधिक वने फस्त केली. केल्पवर जगणारे लाल अबलोनी शिंपले उपाशी मरू लागल्याने त्यांची हौशी मासेमारी २०१८ पासून बंद आहे.

वेस्टपोर्टनंतर रस्ता समुद्र सोडून दाट वनात शिरतो. पुढचा किंग रेंजचा डोंगराळ किनारा इतका तुटक आहे की महामार्ग तेथून नेण्यात आला नाही. ‘लॉस्ट कोस्ट’ हे नाव त्याला त्यामुळेच शोभते.

प्रवाशांसाठी

थांबे वगळूनही या प्रवासास सहा तासांहून अधिक वेळ लागतो, म्हणून दोन मुक्काम ठेवावेत. पहिला बोडेगा बे किंवा जेनर येथे आणि दुसरा मेंडोसिनो किंवा फोर्ट ब्रॅग येथे सोयीचा पडतो. परतीसाठी लेगेटहून १०१, किंवा अल्बियनजवळून अँडरसन खोऱ्यातून जाणारा रस्ता १२८ घेता येतो. अमेरिकेत वाहने उजवीकडून चालत असल्याने उत्तरेकडे जाताना गाडी डोंगराच्या बाजूस राहते. उंचीची भीती वाटणाऱ्यांना ही दिशा बरी. दक्षिणेकडे येताना समुद्राकडील थांब्यांवर वळणे सोपे जाते.

मोबाइलचे जाळे लांब पट्ट्यांत मिळत नाही. नकाशे आधीच उतरवून घ्यावेत. पेट्रोल पंप आणि विजेच्या गाड्यांचे चार्जर विरळ आहेत. शाकाहारी जेवणाची सोय लहान गावांत मर्यादित असते, तेव्हा सोबत दशम्या किंवा पोळी-भाजीचा डबा असलेला बरा. दुपदरी रस्त्यावर मागे पाच वा अधिक वाहने खोळंबली तर सुरक्षित जागी बाजूला होऊन त्यांना वाट देणे कायद्याने बंधनकारक आहे. निघण्यापूर्वी कॅलट्रान्सच्या संकेतस्थळावर रस्ता खुला असल्याची खात्री करावी.

सर्वांत महत्त्वाची सूचना पाण्याबाबत. कोकणच्या समुद्रात पोहलेल्या माणसाला येथे फसगत होण्याचा संभव असतो. पाणी साधारण १० ते १३ अंश सेल्सियस असते आणि काही मिनिटांत हातपाय गारठवते. शांत वाटणाऱ्या समुद्रातून अचानक एखादी लाट किनाऱ्यावर फार आतवर येते आणि वाळू किंवा खडकावर उभ्या असलेल्या माणसाला ओढून नेते. समुद्राकडे पाठ करून छायाचित्र काढू नये, लहान मुलांचा हात सोडू नये आणि कड्याच्या काठावर जाऊ नये.

महाराष्ट्रातही रेवस ते रेड्डी असा सागरी महामार्ग आकाराला येत आहे आणि खाड्यांवर पूल बांधले जात आहेत. किनारपट्टीच्या संरक्षणासाठी भारतात १९९१ पासून सागरी नियमन क्षेत्राची अधिसूचना आहे. ती पुढे २०११ आणि २०१९ मध्ये नव्याने काढण्यात आली. रस्ता झाला की जमिनीचे भाव चढतात आणि किनाऱ्याला कुंपणे पडू लागतात, हा अनुभव दोन्ही किनाऱ्यांना नवा नाही. कॅलिफोर्नियातील वाटा रस्ता झाल्यावर आपोआप खुल्या राहिल्या नाहीत. त्यासाठी एका काउंटीत हरलेल्या लोकांना चार वर्षांनी राज्यभर मते मागावी लागली, आणि सी रँचच्या कुरणातून वाळूपर्यंतची वाट मिळायला त्यानंतर आणखी आठ वर्षे गेली.